वास येऊन राहिला

बातमी पहिल्यांदा वरठीकाकांनी फोडली.

वरठी म्हणजे परीट. आमच्या पूर्व विदर्भात धोबी सिनेमात असतो, गल्लीत वरठी असतो. भंडाऱ्याजवळ वरठी नावाचं एक गावही आहे. 'भंडारा रोड' म्हणून जे रेल्वेस्टेशन ओळखलं जातं ते खरं तर तिथं आहे, त्यामुळे रेल्वेनं भंडाऱ्याला निघालेला पाहुणा आधी वरठीत उतरतो. असो. आमचे वरठीकाका मौद्यातच असतात, गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, कोळशाची इस्त्री घेऊन. कपड्यावर पाण्याचा हबका मारायचा, वर तापलेली इस्त्री टेकवायची, आणि जी वाफ उठते ती थेट काकांच्या नाकात. गावातल्या कुठल्या घरात मेथीची फोडणी पडते, कोण अत्तर लावतं, कोण चोरून सिगारेट ओढतं, हे सगळं काकांना त्या वाफेतून कळतं. सांगत मात्र नाहीत. व्यवसायाची मर्यादा पाळतात.

त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. जुलै महिना, पावसाची झड लागलेली. मी कपडे आणायला गेले तर ह्यांचा शर्ट अर्धा इस्त्री होऊन पडलेला आणि काका लांब उभे.

"वहिनी, राग नका मानू. पन तुमच्या कपड्यायचा वास येऊन राहिला जी."

माझी एक नणंद पुण्यात दिली आहे. तिच्या सासरी हे वाक्य सांगितलं तर ते म्हणतील, आला की राहिला, नक्की काय ते एक सांगा. नागपुरी बोलीत 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे, आत्ता, तुमच्यासमोर. पण आमच्या बाबतीत दोन्ही अर्थ लागू होते. वास येत तर होताच, आणि आलेला राहिलाही होता. मुक्कामाला.

"वाळले नसतील काका, पावसाचे दिवस," मी म्हटलं.

"वाळले आहेत," काका म्हणाले. "वाळलेल्याचाच येऊन राहिला."

घरी येऊन मी तो शर्ट हुंगला. कोरडा हुंगला तर काही नाही. बाहीवर पाण्याचे चार थेंब टाकून हुंगला, आणि कळलं. चुलीमागे आठ दिवस पडलेलं पोतेरं असतं ना, त्याच्यावर कुणी चमेलीचं तेल शिंपडावं, तसा.

आमच्या घरात सहा नाकं आहेत. पुढचे चार दिवस ती सहाही नाकं कामाला लागली. पहिला संशय मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, कपड्यांवर गेला, कारण रोवणी चालू होती. मौद्याकडचं सगळं धानाचं रान. जुलैत बांधीत उतरलेल्या माणसाचा पायजमा घरी येतो तेव्हा त्यात निम्मी बांधी असते. मामाजी शांतपणे म्हणाले, "मातीचा वास मले ओळखू येते. हा मातीचा नाही." दुसरा संशय ह्यांच्या मोज्यांवर. तिसरा धाकट्या भाऊजींच्या जिमच्या पिशवीवर, तिच्यात खरोखरच एक ओला टॉवेल आणि एक विसरलेलं केळं निघालं, पण ते स्वतंत्र प्रकरण होतं. चौथा संशय आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्यावर घेतला. म्हणजे थेट घेतला नाही. "आमच्या वेळी कपड्यायले वास नसे येत," एवढंच भिंतीकडे पाहून म्हणाल्या.

मशीनवर कुणाचाच संशय गेला नाही. ज्याच्यात रोज साबण जातो त्याला वास कसा येईल? साबणाच्या वडीला कुणी अंघोळ घालतं का?

मशीन घरात येऊन तेव्हा दोन वर्षं होत होती. त्याआधी 'सेमी' होती, दोन डबड्यांची, एकीतून कपडे काढून दुसरीत पिळायला टाकायचे ती. तीही बिचारी चांगली होती. पण भाऊजींच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि घरात समोरून उघडणारी, काचेच्या गोल दाराची मशीन हवी असं ठरलं. तिची खरी किंमत आत्याबाईंना अजून सांगितलेली नाही. मशीन न्हाणीत न ठेवता मधल्या खोलीत ठेवली, पाहुण्याला बसल्या जागेवरून दिसेल अशी. मग तिला कव्हर शिवलं. तपकिरी, फुलाफुलांचं, चेनचं. कव्हरवर विणलेला रुमाल, रुमालावर छोटा गणपती, गणपतीशेजारी मोबाइलचं चार्जर आणि मामाजींची बीपीची गोळी. नव्या नवरीला इतकं झाकलं नव्हतं. धुणं झालं की कपडे काढायचे, काच पुसायची, दार गच्च लावायचं, चेन ओढायची, गणपती जागेवर. माझ्या टापटिपीचं कौतुक व्हायचं. मी ते ऐकूनही घ्यायचे.

आणि पावडर. पावडरीची सत्ता आत्याबाईंकडे होती.

आत्याबाईंचं माहेर कन्हानच्या काठचं. लग्नाआधी त्या नदीवर धुणं घेऊन जायच्या. गोधडी भिजवायची, दगडावर आपटायची, मोगरीनं बडवायची, पाण्यात सोडायची, पुन्हा आपटायची. रिठे त्यांनी वापरले, खार वापरला, पिवळ्या वडीचा साबण वापरला, निळीच्या पुड्या विरघळवल्या. या साऱ्या अनुभवातून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला होता: फेस म्हणजे साबण. फेस नाही तर साबण नाही, आणि साबण नाही तर धुणं नाही. मशीनच्या काचेतून पाहिलं तर आत कपडे नुसते उलटेपालटे होताहेत, पाणी घोटभर, फेस नाहीच म्हणण्याइतका. त्यांना मशीनची दया आली. "कंपनीवाल्यायनं कंजूसपना केला," म्हणून त्या मापाचं टोपण बाजूला ठेवून ओंजळीनं पावडर घालू लागल्या. तीही बादलीत भिजवायची, स्वस्तातली, भरपूर फेसाची. काच पांढरीशुभ्र होईपर्यंत. एकदा तर फेस पावडरीच्या कप्प्यातून बाहेर येऊन खाली उतरला. त्या समाधानानं म्हणाल्या, "हां, आता धुऊन राहिली."

पावडरीनंतर फुलांच्या वासाचं निळं पाणी. टोपणभर सांगितलेलं, आम्ही दोन टोपणं. शिवाय सगळं धुणं थंड पाण्यात आणि अर्ध्या तासाच्या प्रोग्रामवर, कारण गरम पाण्यानं बिल येतं. उन्हाळ्यात ते चालूनही जायचं. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशीच्या पुढं गेला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं येतं की त्यात चहापत्ती टाकायचा मोह व्हावा. पण मशीन बाराही महिने आमचीच होती, आणि जुलै जुलैच होता.

शेवटी पत्ता लागला तो योगायोगानं. भाऊजींनी कव्हराची चेन उघडली, दार उघडलं, आत डोकं घातलं आणि 'बाप्पा!' म्हणून बाहेर काढलं.

वासाचं उगमस्थान सापडल्यावर पहिल्या दिवशी आम्ही जे केलं ते कुठल्याही मराठी घरानं केलं असतं: वासावर वास टाकला. कापराच्या वड्या आत ठेवल्या. उदबत्ती ओवाळली. दोन डांबरगोळ्या टाकल्या, त्या काढायच्या विसरल्या आणि एका धुण्यात त्यांचा भुगा झाला. त्या आठवड्यात ह्यांच्या ऑफिसातली माणसं त्यांना 'पेटीतून काढलेले साहेब' म्हणत होती. निळं पाणी दोनाचं तीन टोपणं झालं. मग आत्याबाईंनी निंबं चिरून टाकली. धुणं झाल्यावर निंबाच्या बिया सगळ्या बनियनांना चिकटलेल्या, आणि वास होता तिथंच, फक्त आता त्याला पोटात काहीतरी थंड पडल्यासारखं वाटत असावं.

एका शनिवारी संध्याकाळी आत्याबाईंनी मीठमोहरी आणि सात भिवापुरी मिरच्या घेऊन मशीनची नजर काढली. मिरच्या शेगडीवर टाकल्या. भिवापुरी मिरची जाळल्यावर शेजारच्या घरातला माणूससुद्धा खोकतो. त्या दिवशी ठसका आला नाही. "पाह्यलं?" त्या म्हणाल्या, "ठसका नाही. म्हणजे नजर होतीच." मशीन ज्या पाहुण्यांना दिसावी म्हणून मधल्या खोलीत ठेवली त्यांची यादी मग रात्री बराच वेळ चालली.

कंपनीचा माणूसही बोलावला. कुठल्या कंपनीचा ते राहू द्या. तो मुलगा आला, मशीनपुढे उकिडवा बसला, दार उघडून नाक न मुरडता म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडचं पाणी खराब आहे." मग बॅगेतून तीन पुड्या काढल्या, पैसे घेतले, सही घेतली आणि पाऊस वाढायच्या आत नागपूरला गेला. पुड्या वाईट नव्हत्या. पण कधी, कशा, किती, आणि मुळात हे झालं कशानं, ते सांगायला त्याला फुरसत नव्हती.

सांगितलं ते शेजारच्या प्लांटवाल्या भाऊंनी. मौद्यात 'प्लांट' म्हटलं की पुढं काही जोडावं लागत नाही. एनटीपीसीचं औष्णिक वीजकेंद्र, पाचशेचे दोन आणि सहाशे साठचे दोन संच, मिळून २३२० मेगावॅट. आमचे भाऊ तिथं पाण्याच्या विभागात ठेकेदाराकडं कामाला. त्यामुळे जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ ते पाण्यात शोधतात आणि पुष्कळदा ते बरोबर निघतं.

त्यांनी आधी आमच्या बादलीच्या काठावर नख फिरवलं. पांढरा चुरा निघाला. "हे बोअरचं पानी. बॉयलरले असं पानी दिलं तं नळ्यायमधे थर बसन अन् नळी फुटन. म्हनून तिथं क्षार काढून घेतलेलं पानी देतात, डीएम म्हनतात त्याले. तुमच्या मशीनले कोन डीएम देते?"

"म्हणजे पाण्यानं वास येतो?" मी विचारलं.

"पान्यानं थर बसते. वास त्या थरावर राहनाऱ्याचा."

मग त्यांनी मशीनच्या काचेवर बोटानं चित्र काढून दाखवलं, ते मला आजवर कुठल्या पुस्तिकेत इतकं स्वच्छ कळलं नव्हतं. आपल्याला दिसते ती आतली, भोकाभोकांची स्टीलची टाकी. ती चकाचक असते, म्हणून आपण निर्धास्त. पण तिच्या बाहेर आणखी एक टाकी असते, भोकं नसलेली, पाणी धरून ठेवणारी, आणि या दोघींच्या मधली सांद आपल्याला जन्मात दिसत नाही. अंगाचं तेल, घाम, कपड्यांचा बारीक भुगा, न विरघळलेली पावडर, आणि ते फुलांचं पाणी, जे मुळात कपड्याला मऊ चिकट लेप देण्यासाठीच असतं, हे सगळं त्या सांदीत जाऊन बसतं. थंड पाण्यानं तेलकटपणा सुटत नाही. तुपाची वाटी थंड पाण्यानं धुऊन पाहा. त्यावर जिवाणूंची साय धरते. धुणं झाल्यावर दार गच्च लावलं की आत ओल, ऊब, अंधार, खायला साबणाचा गाळ. वरून उघडणाऱ्या मशीनचं झाकण नुसतं टेकलेलं असतं, त्यातून थोडी हवा जाते. समोरच्या दारामागं पाणी थोपवायचं असतं, म्हणून तिथं रबराची जाड वळी असते आणि हवा जायला फट नसते. आम्ही त्यावर चेनचं कव्हर घातलं होतं.

"कूलर तं उघडा असते," भाऊ म्हणाले. "तरी टाकीतलं पानी पंधरा दिवस नाही बदललं तं कसा वास मारते?"

हे ऐकून घरात सगळे एकदम गप्प झाले. कूलर आमच्या रक्तात आहे. एप्रिलमध्ये नव्या ताट्या बसल्या की पहिल्या दिवशी वाळ्याचा जो वास येतो, त्यासाठी नागपूरकडचा माणूस परदेशातली नोकरी सोडून येईल. आणि पाणी शिळं झालं की तोच कूलर मासळीबाजार होतो, हे इथं पाचवीतल्या मुलालाही ठाऊक. मशीन म्हणजे कूलरची चुलत बहीण आहे, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांनी मग रात्री मोबाइलवर वाचायला घेतलं आणि जेवताना आम्हाला ऐकवू लागले. धुतलेल्या कपड्यांच्या त्या विशिष्ट कुबट वासाचा छडा जपानी संशोधकांनी लावला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. नावात नॉर्वेची राजधानी, वास मात्र पोतेऱ्याचा. तो कपड्यावरचं तेल आणि घाम खातो आणि त्यातून एक आम्ल सोडतो, त्याचा तो वास. वाळवलं तरी हा प्राणी तग धरतो, म्हणून कपडा कोरडा असताना गुपचूप आणि ओला झाला की पुन्हा हजर. वरठीकाकांच्या हबक्याचं कोडं तिथं सुटलं. जपान्यांना जे प्रयोगशाळेत कळलं ते काकांना कडुनिंबाखाली कळलं होतं, फक्त काकांनी निबंध लिहिला नाही.

अमेरिकेत तर लोक कोर्टात गेले. समोरून उघडणाऱ्या मशीनला बुरशीचा वास येतो म्हणून ओहायो राज्यातल्या ग्राहकांनी व्हर्लपूलवर सामुदायिक दावा लावला; काही वर्षं चालला, आणि २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या न्यायालयात ज्यूरीनं कंपनीच्या बाजूनं कौल दिला. आत्याबाईंना यातलं एकच पटलं. "अमेरिकेतबी येऊन राहिला ना? मंग आपल्याच घरात काहून बोलता मले?"

यातली खरी गंमत अशी की ही मशीन नवी नव्हेच. १९३७ साली अमेरिकेत बेंडिक्सनं पहिलं घरगुती स्वयंचलित धुलाईयंत्र आणलं तेही समोरूनच उघडणारं होतं, आणि इतकं थरथरायचं की जमिनीला बोल्टनं आवळून ठेवावं लागे. तिच्या पोटातली युक्ती मात्र कन्हानच्या घाटावरची. टाकी फिरते, कपडे वर नेते आणि तिथून खाली टाकते. उचलायचं, आपटायचं, उचलायचं, आपटायचं. पाणी घोटभर का? तर पाणी फार असलं की कपडा तरंगेल, आपटणार नाही.

हे भाऊंनी सांगितलं तेव्हा आत्याबाई पहिल्यांदा मशीनजवळ सरकून बसल्या. "म्हंजे हे आपटते?"

"आपटते ना काकू. पन तुम्ही मधात फेसाची गादी घालता. गादीवर आपटल्यावर मळ निघन काय?"

आत्याबाई बराच वेळ काचेकडे बघत राहिल्या. दोन वर्षं आपण दगडावर गादी घालून धुणं धूत होतो, हे त्यांना आतून लागलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपण शोधून काढलं. ते मिठाच्या डब्यात सापडलं.

रविवारी शस्त्रक्रिया. भाऊ मुख्य डॉक्टर, भाऊजी मदतनीस, बाकीचे नातेवाईक.

आधी दाराच्या रबराची वळी. ती दोन बोटांनी उलटून पाहायची असते हे मला दोन वर्षांत माहीत नव्हतं, आणि पाहिल्यावर माहीत नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. तळाशी काळं पाणी, त्यात शेवाळासारखी साय, काळे ठिपके, केसांची एक वेणी, आणि निंबाची एक बी, जिला मी शपथेवर सांगते, मोड आला होता. फडक्यानं पुसून काढलं, फडकं फेकून दिलं. पावडरीचा कप्पा आम्ही समजत होतो जडवलेला आहे. एक कळ दाबली तर अख्खा बाहेर आला, आणि त्याच्या मागच्या बोगद्यात निळा गाळ खव्यासारखा साचलेला. जुन्या दातांच्या ब्रशनं अर्धा तास गेला.

मग खालचं फिल्टर. मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, एक छोटं झाकण असतं. दोन वर्षं आम्ही ते शोभेचं समजत होतो. भाऊ म्हणाले, खाली काहीतरी पसरट ठेवा, पाणी येईल. पसरट म्हणून भाऊजींनी जे हाताशी आलं ते ठेवलं, ती पुरणाची परात होती. आत्याबाई स्वयंपाकघरातून येईपर्यंत उशीर झाला होता. आधी पाण्याची धार आली, आणि ज्या वासानं आम्ही महिनाभर हैराण होतो तो तिच्यासमोर चंदन वाटावा असा वास आला. मामाजी उठून अंगणात गेले. फिल्टर बाहेर आलं आणि त्याच्यासोबत: दोन पिना, शर्टाच्या चार गुंड्या, एक सुपारी, दोन रुपयांची तीन नाणी, एका उमेदवाराच्या बिल्ल्याची नुसती पिन (उमेदवार विरघळला होता), आणि एक चाराणा.

पंचवीस पैशांचं नाणं २०११ सालीच चलनातून गेलं. ते २०११ नंतर घेतलेल्या मशीनमध्ये कसं? मामाजींनी अंगणातूनच सांगितलं, "माझं आहे. बंडीच्या खिशात होतं. पहिल्या धानाच्या पैशातलं." दहा वर्षांहून जास्त ते बंडीच्या आतल्या खिशात होतं आणि बंडी धुतली जात होती, पण त्याआधी बंडी हातानं धुणारी बाई खिसा तपासत होती. ती बाई म्हणजे आत्याबाई. त्या काहीच बोलल्या नाहीत. नाणं धुतलं, पुसलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

शेवटी रिकामी मशीन, निंबूसत, आणि सगळ्यात गरम पाण्याचा सगळ्यात लांब प्रोग्राम. निंबूसत क्षाराचा थर विरघळवतं, गरम पाणी तेल सोडवतं. एवढ्यात भाऊजी उत्साहानं न्हाणीतली ब्लीचची बाटली घेऊन आले, हेही टाकू म्हणून, आणि प्लांटवाले भाऊ इतक्या जोरात ओरडले की गल्लीतलं कुत्रं भुंकलं. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. वास जाईल, त्याच्याबरोबर घरातली माणसंही. ब्लीच वापरायचंच तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाण्यात, एकटं. ती बाटली आता कपाटाच्या वरच्या फळीवर आहे आणि भाऊजींचा हात पोचू नये म्हणून तिच्यापुढं दिवाळीचे आकाशकंदील रचले आहेत.

मशीन सुरू झाली. वीस मिनिटं झाली असतील, वादळ सुटलं, कुठंतरी फांदी तारेवर पडली आणि दिवे गेले. अंगणातून प्लांटच्या चिमण्या दिसत होत्या, तिथं देशाला पुरवायची वीज तयार होत होती. आमच्या मधल्या खोलीत सहा माणसं आणि एक शेजारी मेणबत्ती घेऊन बंद काचेच्या दारापुढं बसली होती. आत गरम पाणी, दार कुलूपबंद, कपडा एकही नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर वाटलं असतं, काकड आरतीला वेळ आहे. दोन तासांनी दिवे आले आणि मशीन जिथं थांबली होती तिथून पुढं निघाली. कन्हानच्या पुरासारखं गढूळ पाणी बाहेर पडलं. दुसऱ्या खेपेला कमी गढूळ. तिसरी खेप भाऊंनी नको म्हटलं.

खरा तंटा कव्हरावरून झाला. भाऊंचा शेवटचा हुकूम होता: दार उघडं ठेवा, कप्पा उघडा ठेवा, कव्हर काढा, महिन्यातून एकदा रिकामी गरम फिरवा. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या कलमाला आत्याबाई तयार होत्या. कव्हराला नाही. "उघडी मशीन पाहून लोक काय म्हनतीन? धूळ बसन. पाल जाईन." त्यावर मामाजी, जे वर्षातून दहा वाक्यं बोलतात, त्यांनी अकरावं टाकलं. म्हणाले, "मुक्ताबाईनं एवढं विनवलं तेव्हा ज्ञानोबानं ताटी उघडली. तुझी ताटी उघडाले कोन येईन, कंपनीवाला?" आत्याबाईंनी गणपती उचलला, रुमाल घडी केला आणि चेन ओढली. त्या कव्हराची आता दळणाची पिशवी झाली आहे. फुलाफुलांची, चेनची, गावातल्या गिरणीत आमचं दळण लांबून ओळखू येतं.

महिना गेला. पोळा झाला, झड ओसरली. दार आता चार बोटं उघडं असतं आणि त्यातून शेजारच्या मांजरीनं दोनदा आत झोप काढली, म्हणून लावण्याआधी आत हात फिरवून बघणं हा एक नवा नियम झाला. पावडर टोपणानं, निळं पाणी बंद. टॉवेल आणि मोजे आठवड्यातून एकदा साठ अंशांवर. मामाजींचा रोवणीचा पायजमा आधी अंगणात नळाखाली, मग मशीनमध्ये.

एका संध्याकाळी कपडे आणायला गेले. आत्याबाई मुद्दाम सोबत आल्या, काही न बोलता. वरठीकाकांनी ह्यांचा शर्ट पसरला, हबका मारला, इस्त्री टेकवली. वाफ उठली. काकांनी डोळे मिटले. आम्ही दोघी श्वास धरून.

"आता कायचाच वास नाही जी," काका म्हणाले.

मला तर काकांना वाकून नमस्कार करावासा वाटला. आत्याबाईंचा चेहरा मात्र उतरला. रस्ताभर काही बोलल्या नाहीत. घराच्या पायरीशी आल्यावर शर्ट उचलून नाकाशी धरला, उलटा केला, पुन्हा धरला.

"कायचाच नाही," म्हणाल्या. "मंग धुतला हे कोनाले कसं कळाचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुणं लावायला गेले तर मशीनच्या उघड्या दाराच्या मुठीला दोऱ्यानं काहीतरी बांधलेलं. कूलरच्या जुन्या ताटीतून ओढून काढलेल्या वाळ्याची जुडी, वरून पाण्याचा हबका मारलेली.